कुतुबखान्यापासून वाचनालयापर्यंत : आधी कोणाची गरज?

सार्वजनिक ग्रंथालयाचा इतिहास लिहिताना आपल्याकडे स्थापनेचे साल, संस्थापकांची नावे, इमारतीचे उद्घाटन आणि पुस्तकांची संख्या एवढे दिले की काम झाले असे समजतात. आमच्या मते त्या इतिहासातला खरा प्रश्न निराळा आहे. पैसा थोडा, जागा थोडी, माणसे एक किंवा दोन. अशा स्थितीत ग्रंथालयाने आधी कोणाची गरज भागवायची आणि कोणाला थांबायला सांगायचे? हा निर्णय प्रत्येक ग्रंथालय घेतेच. कधी ठराव करून घेते, कधी न बोलता घेते. न बोलता घेतलेला निर्णय बहुधा आधीपासून आत बसलेल्यांच्या बाजूने पडतो. मराठवाड्यातल्या मुसलमान वाचकाने या दृष्टीने आपल्या भागाचा इतिहास तपासावा, एवढ्यासाठी हा लेख.

आमचे मानवत हे परभणी जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. कापसाची बाजारपेठ, जिनिंग-प्रेसिंग, मोंढा आणि गावापासून दूर असलेले मानवत रोड स्टेशन ही त्याची जुनी ओळख. बाहेरच्या माणसाला मात्र मानवत म्हटले की १९७२ ते १९७४ या काळात अंधश्रद्धेपोटी झालेले हत्याकांड आठवते. त्यावर १९८१ साली 'आक्रित' हा चित्रपट निघाला आणि २०२४ साली मालिकाही आली. ज्या गावाची जगाला अशी ओळख आहे, त्या गावातले वाचनालय लोकांसाठी काय करते हा प्रश्न शोभेचा राहत नाही. त्यातही आमच्यासारखे जे उर्दू शाळेत शिकवतात त्यांच्यापुढे तो रोज उभा असतो. आमचा विद्यार्थी घरी दखनी बोलतो, बाजारात मराठी बोलतो, शाळेत उर्दूतून शिकतो आणि मकतबात अरबी अक्षरे गिरवतो. चार भाषांचा हा धनी वाचनालयाच्या पायरीवर आला तर त्याच्या हातात कोणते पुस्तक द्यायचे?

या प्रश्नाचे मूळ निजामाच्या राजवटीत आहे. हैदराबाद राज्यात १८८४च्या सुमारास फारसीची जागा उर्दूने घेतली आणि ती राज्यकारभाराची भाषा झाली. १८९१ साली सय्यद हुसेन बिलग्रामी यांच्या पुढाकाराने हैदराबादेत कुतुबखाना आसफिया उभा राहिला. अरबी, फारसी आणि उर्दू हस्तलिखितांचा तो मोठा खजिना. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. उर्दूतून उच्च शिक्षण देण्यासाठी दारुल तर्जुमा हे भाषांतराचे खाते काढून विज्ञान, वैद्यक, कायदा, इतिहास या विषयांचे ग्रंथ उर्दूत आणले गेले. एका भारतीय भाषेतून विद्यापीठ चालवून दाखवले, याचा अभिमान आपल्याला वाटतो आणि तो वाजवी आहे.

पण या सगळ्याचा वाचक कोण होता, हेही विचारले पाहिजे. राज्यात उर्दू ही मातृभाषा असणारे लोक दहांत एकाच्या आसपास. बाकीच्यांची भाषा तेलुगू, मराठी, कानडी. म्हणजे राज्याच्या तिजोरीतून विद्वानाची आणि अधिकाऱ्याची गरज आधी भागली, तीही एका भाषेत. मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला त्यातून काही मिळाले नाही हे उघड आहे. आणि आसफियातली हस्तलिखिते मानवतच्या गरीब मुसलमानाच्या, पिंजाऱ्याच्या किंवा हमालाच्या तरी कोणत्या कामाची होती? त्याला अक्षरओळखच नव्हती. भाषा दरबारात होती म्हणून तिच्या नावाने ओळखला जाणारा सारा समाज शिकला, असे झाले नाही.

ज्यांची गरज राज्याने मागे ठेवली त्यांनी आपापली वाचनालये काढली. हैदराबाद शहरात १९०१ साली श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम सुरू झाले. त्याच साली परभणीत गणेश वाचनालय स्थापन झाले. पुढे 'गश्ती निशाण ५३' या हुकमाने परवानगीवाचून जाहीर सभा घेणे अवघड करून टाकले, तेव्हा वाचनालयाच्या खोलीला वेगळेच महत्त्व आले. वर्तमानपत्र वाचायला दहा माणसे जमली तर ती सभा ठरत नव्हती. तेलुगू भागात ग्रंथालयांच्या चळवळीतूनच आंध्र महासभेची माणसे तयार झाली. मराठवाड्यातही वाचनालय, शाळा आणि सार्वजनिक उत्सव यांच्या आधाराने जागृती झाली. या वाचनालयांनीही निवड केली होती : आपली भाषा आधी, वर्तमानपत्र आधी, सुशिक्षित तरुण आधी. त्या काळात ती निवड स्वाभाविक होती. मराठवाड्याच्या मुसलमान वाचकाने हा इतिहास नजर न चुकवता वाचावा. मराठी वाचनालय हे एका वंचित भाषेचे घर म्हणून जन्मले. त्यात उर्दूला कपाट नव्हते याचे कारण उर्दूला तेव्हा साऱ्या राज्यात वाडे होते.

याच सुमारास एका दुसऱ्या संस्थानाने वेगळा विचार केला. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. शाळा सोडलेले मूल चार वर्षांत अक्षर विसरते, मग शिक्षणावरचा खर्च वाया जातो, म्हणून गावोगाव वाचनालय पाहिजे, असा त्यांचा हिशेब होता. १९१० साली त्यांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून ग्रंथालयांचे खाते उभे केले. गावाने वर्गणी जमवली की तेवढीच रक्कम प्रांत पंचायत आणि तेवढीच सरकार देई. जिथे वाचनालय नाही तिथे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या जात. बायकांसाठी आणि मुलांसाठी वेगळी सोय केली गेली. आसफिया आणि बडोदा ही दोन्ही संस्थानी कामे. पण एकाने ग्रंथ आधी धरला, दुसऱ्याने नुकता वाचायला शिकलेला माणूस आधी धरला. फरक श्रीमंतीचा नव्हता, निवडीचा होता.

ब्रिटिश मुंबई इलाख्यात या विषयाचा आराखडा ज्यांनी केला त्यांचे नाव आपल्या वाचकांना दुसऱ्याच कारणाने ठाऊक असते. आसफ अली असगर फैजी, मुस्लिम कायद्याचे थोर भाष्यकार. १९३९ साली मुंबई सरकारने त्यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय विकास समिती नेमली आणि १९४० साली समितीने अहवाल दिला. राज्याचे मध्यवर्ती ग्रंथालय, भाषावार विभागीय ग्रंथालये, मग जिल्हा, तालुका आणि शेवटी खेडे, अशा पायऱ्या त्यात आखल्या होत्या. युद्ध आणि पैशाची अडचण यांमुळे काम लांबले, पण स्वातंत्र्याच्या सुमारास त्याच आराखड्याने वरच्या पायऱ्या बांधायला सुरुवात झाली. आज महाराष्ट्रात जिल्हा ग्रंथालय, तालुका ग्रंथालय असे शब्द आपण सहज वापरतो. त्यामागे फैजींचे काम आहे, ही गोष्ट आपल्या समाजात फारशी सांगितली जात नाही. फैजींनी खेड्याची पायरी आखली होती. मात्र आम्ही तेव्हा निजामाच्या राज्यात होतो. तो आराखडा परभणीच्या हद्दीपर्यंत आला नाही.

१९४८ साली सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली आणि हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. पाहता पाहता उर्दू कचेरीतून गेली. ज्याने उर्दूत दस्तऐवज लिहिले, उर्दूत शिकवले, त्याला आपलीच विद्या परकी वाटू लागली. याच काळात ग्रंथालयांचे कायदे होत होते. करवीर संस्थानात १९४५ साली, मद्रासमध्ये १९४८ साली आणि हैदराबाद राज्यात १९५५ साली कायदा झाला. मराठवाडा १९५६ साली मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ साली झाला. मद्रासच्या कायद्यात ग्रंथालय कराची तरतूद होती, महाराष्ट्राने तसा कर बसवला नाही. लोकांच्या नोंदणीकृत संस्थांनी वाचनालये चालवायची आणि शासनाने त्यांना अनुदान द्यायचे, ही आपली पद्धत ठरली. ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग झाले आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळू लागले.

या पद्धतीने गावोगाव वाचनालये झाली हे मान्य केलेच पाहिजे. पण तिने निवडीचा प्रश्न एका वेगळ्याच ठिकाणी नेऊन ठेवला. पुस्तके किती, नियतकालिके किती, सभासद किती, हे मोजून वर्ग ठरतो. जे मोजले जाते ते वाढवण्याकडे चालकांचा कल जातो. दाखल नोंदवहीत हजारावे पुस्तक चढले की समाधान. ते पुस्तक कोणी घरी नेले का, गावातल्या कोणत्या मोहल्ल्यातून एकही सभासद नाही, हे रकाने त्या तपासणीत मोठे नसतात. त्यातच २०१२ साली राज्यभर ग्रंथालयांची पडताळणी झाली आणि नव्या ग्रंथालयांना मान्यता देणे थांबवले गेले. म्हणजे 'तुमचे तुम्ही काढा' हा सोपा सल्लाही अवघड होऊन बसला. जे वाचनालय आहे त्याच्याच कारभारात निवड बदलून घेणे, हा मार्ग उरला.

१९६७ हे साल आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षी बालभारती स्थापन झाली. बालभारतीने मराठीबरोबर उर्दूतही पाठ्यपुस्तके काढली आणि महाराष्ट्रातल्या उर्दू शाळेतल्या मुलाच्या हातात नीट छापलेले, स्वस्त पुस्तक पडले. हा फार मोठा उपकार आहे. पण पाठ्यपुस्तक हे मुलाचे पहिले पुस्तक. वाचनाची सवय लागते ती दुसऱ्या पुस्तकाने, ज्याची परीक्षा नसते. मराठी शाळेतल्या मुलाला ते दुसरे पुस्तक 'किशोर' मासिकाच्या रूपाने १९७१ पासून मिळाले, वाचनालयाच्या बाल विभागात मिळाले. उर्दू शाळेतल्या मुलाला ते मिळावे ही जबाबदारी कोणीच आपली मानली नाही. राज्याने शाळेपुरती उर्दू मान्य केली, वाचनालयापुरती तिची आठवण ठेवली नाही.

आता थोडे बाहेर पाहू. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री मांडली. प्रत्येक वाचकाला त्याच्या कामाचे पुस्तक मिळाले पाहिजे, हा तिचा एक आधार. युनेस्कोच्या १९९४च्या जाहीरनाम्यात, जे नेहमीच्या सेवेचा लाभ घेऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी खास सोय करावी असे सांगताना भाषिक अल्पसंख्याकांचा स्पष्ट उल्लेख आहे. अमेरिकेतल्या सार्वजनिक ग्रंथालयांच्या संघटनेने १९८७ साली जी मार्गदर्शिका काढली तिच्यात ग्रंथालयाच्या आठ भूमिका सांगितल्या होत्या : शाळेच्या अभ्यासाला मदत, लहान मुलांना शिक्षणाचे दार उघडून देणे, स्वतःहून शिकणाऱ्याला आधार, करमणुकीचे वाचन, संदर्भसेवा, अशा. पुढे १९९८ साली ती यादी तेरावर गेली. यादीपेक्षा तिच्यासोबतचा सल्ला महत्त्वाचा होता. सगळ्या भूमिका एकदम निभावता येत नाहीत. आपल्या वस्तीची पाहणी करा, लोकांना बसवून विचारा, दोन-तीन निवडा आणि पैसा व माणूस तिकडे लावा. ज्या देशात ग्रंथालयांना आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पैसा मिळतो त्या देशातही निवड करावी लागते, तर आपल्या तालुक्याच्या वाचनालयाला ती टाळता कशी येईल?

मानवतसारख्या गावासाठी आम्ही तीन कसोट्या सुचवतो. ती गरज गावात दुसरे कोणी भागवते का? ती भागली नाही तर नुकसान किती जणांचे आणि किती वर्षांचे? हातातल्या पैशात ती भागवता येईल का?

या कसोट्यांवर पहिला मान मुलांचा लागतो. आठ ते चौदा या वयात वाचन जडले नाही तर पुढे सहसा जडत नाही, असा आम्हा शिक्षकांचा रोजचा अनुभव. उर्दू शाळेतल्या मुलासाठी एक कपाट पुरे. त्यात अर्धी पुस्तके उर्दूतली असावीत. १९९६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेची मुलांची पुस्तके स्वस्त असतात, मुंबईहून 'गुल बूटे'सारखे मासिक निघते. अर्धी पुस्तके सोप्या मराठीतली, मोठ्या अक्षरांची. ही मुले मराठी बोलतात, पण देवनागरीतला सलग मजकूर वाचताना अडखळतात. उर्दूचे कपाट त्यांना आत आणील आणि मराठीचे पुस्तक त्यांना गावाच्या व्यवहारात नेईल. दोन्ही एकाच कपाटात हवीत, कारण मूल एकच आहे. मराठी शाळेतले एखादे मूल त्या कपाटातले उर्दू कायदे उघडून पाहील, तर तेही चांगलेच.

दुसरा मान नोकरीच्या तयारीला लागलेल्या तरुणांचा. खासगी अभ्यासिका आहेत, पण त्यांना महिन्याची फी पडते. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत मराठी व्याकरणाचे प्रश्न असतात आणि उर्दू माध्यमातून आलेला तरुण मैदानी चाचणी मारून तिथे मागे पडतो. त्याला टेबल-खुर्ची, दिवा आणि मराठी व्याकरणाची चार चांगली पुस्तके द्यायला फार पैसा लागत नाही. आठवड्यातून एक तास शिकवायला गावात शिक्षक आहेत, मराठी शाळेतलेही आणि उर्दू शाळेतलेही.

तिसरा मान स्त्रियांचा. दहावीनंतर घरी बसलेली मुलगी वाचनालयात येऊन बसत नाही, मग ती हिंदूची असो की मुसलमानाची. तिच्याकडे पुस्तक गेले पाहिजे. बडोद्याची पेटी आजही कामाची आहे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ पासून 'ग्रंथ तुमच्या दारी' या योजनेत पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांपर्यंत पोचवून ते सिद्ध केले. मोहल्ल्यातल्या एका आपाकडे किंवा ताईकडे पंचवीस पुस्तकांची पेटी महिनाभर ठेवावी, पुढच्या महिन्यात बदलावी.

या तिन्हींच्या मागे एक छोटी सेवा आहे, तिचा खर्च जवळपास नाही आणि उपयोग साऱ्या गावाचा. मराठवाड्यातले निजामकालीन महसुली कागद उर्दूत, फारसीत आणि मोडीत आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये कुणबी नोंदी तपासण्यासाठी शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा हे कागद वाचायला उर्दू आणि मोडीच्या जाणकारांची गरज पडली. आरक्षणाच्या वादात आम्हांला येथे शिरायचे नाही. सांगायचे एवढेच की ज्या लिपीला गावाने एका समाजाची खासगी बाब मानले होते, तिच्यात साऱ्यांच्या आजोबा-पणजोबांची जमीन आणि जात लिहिलेली निघाली. वाचनालयाने महिन्यातून एक दुपार ठरवावी. ज्याच्या घरी जुना उर्दू कागद आहे त्याने तो घेऊन यावे आणि जाणत्या उर्दू शिक्षकाने तो वाचून मराठीत सांगावा. उर्दू कपाटाला जागा कशाला, असे विचारणाऱ्याला यापेक्षा चांगले उत्तर आम्हांला सुचत नाही.

हे करायचे तर काहीतरी मागे ठेवावे लागेल. एकाच कादंबरीच्या दोन-तीन प्रती, नुसती संख्या भरण्यासाठी घेतलेली पुस्तके, सत्कार-समारंभ, यांना काही वर्षे थांबायला सांगावे लागेल. निवड याचा अर्थच हा. नुसती नवी मागणी जोडत जाणे म्हणजे निवड नव्हे.

आपल्यातले काही जण म्हणतील, आपले वेगळे उर्दू वाचनालयच काढू. नांदेडला २०२१ साली उर्दू घर झाले, त्याचा आम्हांला आनंदच आहे. मोठ्या शहरात अशी संस्था हवी. पण मानवतच्या पाचवीतल्या मुलीला नांदेड लांब आहे. आणि तालुक्याच्या गावात वेगळे वाचनालय काढले तर आपल्या मुलांना उर्दू मिळेल, मराठी मिळणार नाही. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्याच वर्षी पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद डॉ. यू. म. पठाण यांनी भूषवले. मराठी ही आपलीही भाषा आहे हे तेव्हा आपण जाहीरपणे सांगितले. ज्या जिल्ह्यात गंगाखेडच्या जनाबाईंचे नाव घेतले जाते, ज्या भाषेत श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' लिहिला, त्या भाषेच्या वाचनालयावर आपला हक्क आहे. हक्काच्या घरात आपले कपाट मागायचे असते, बाहेर तंबू ठोकायचा नसतो.

आता प्रश्न राहतो तो मागणार कोण. महाराष्ट्रातले मान्यताप्राप्त वाचनालय हे सभासदांच्या संस्थेचे असते. वार्षिक सर्वसाधारण सभा होते, कार्यकारी मंडळ निवडले जाते, पुस्तक खरेदीचे ठराव होतात. तिथे ज्यांचे नाव आहे त्यांची गरज बोलली जाते. पहिल्या वहीचा पहिला हुकूम वाचण्याचा होता, हा दाखला आपण प्रत्येक जलशात देतो. पण आपल्या मोहल्ल्यातून वाचनालयाचे सभासद किती, असे विचारले तर बोटे मोजावी लागतात. अनामत आणि वर्गणी मिळून जी रक्कम होते ती एका दावतीच्या खर्चापुढे काहीच नाही. दर शाळेतून दहा पालक, दर मोहल्ल्यातून पाच तरुण आणि पाच बाया सभासद झाल्या, सभेला हजर राहिल्या आणि 'मुलांचे कपाट आधी' एवढा एकच ठराव मांडला, तर मराठी वाचकही त्याला विरोध करणार नाही असा आमचा विश्वास आहे. त्याच्या आजोबांनी आपल्या भाषेच्या कपाटासाठी काय सोसले, हे त्याच्याही घरात सांगितले जाते.